गाळाने राखलेले गाव आणि रावपुऱ्यातला वाडा
जुन्या वास्तूंविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. उन्हाळ्यात मुलीकडे शिकागोला गेले होते, तेव्हा जावयांनी आम्हाला इलिनॉय राज्याच्या वायव्य टोकाला असलेल्या गलीना या गावी नेले. आजूबाजूला मैलोन्‌मैल मक्याची शेते आणि टेकड्यांच्या बेचक्यात हे गाव. तिथल्या मुख्य रस्त्यावर विटांच्या दुकानांची सलग रांग दीडशे वर्षांपूर्वी असेल तशीच उभी आहे. एवढ्याशा गावात असा बाजार कोणी बांधला, आणि तो पाडला कसा गेला नाही? आमच्याकडे दर पावसाळ्यात एखादा वाडा कमी होतो.

उत्तर : आपण पाहिलेले गाव हे जो डेव्हिस काउंटीचे, म्हणजे तिथल्या एका जिल्ह्याचे, मुख्य ठिकाण आहे. आज संपूर्ण काउंटीत सुमारे २२ हजार माणसे राहतात आणि त्यांपैकी जेमतेम ३,३०० गलीनात. तो बाजार बांधला गेला तेव्हा मात्र गावाची स्थिती अगदी निराळी होती. या भागाच्या पोटात शिशाचे खनिज आहे आणि गावाचे नावही त्या खनिजावरूनच पडले. १८२०च्या दशकात खाणकामाला जोर आला आणि पुढची सुमारे २५ वर्षे देशातले बहुतांश शिसे याच पट्ट्यातून निघत होते. मिसिसिपी नदीला मिळणाऱ्या गलीना नदीतून आगबोटी थेट गावाच्या धक्क्याला लागत, शिसे घेऊन जात आणि कापड, लोखंडी सामान, फर्निचर घेऊन येत. शिकागोची वाढ नुकती कुठे सुरू झाली होती, तेव्हा गलीनाचे व्यापारी आसपासच्या चार प्रदेशांना घाऊक माल पुरवत होते. आपण पाहिलेली दुकाने ही त्या पेढ्यांची दुकाने आणि गोदामे.

ती पाडली का गेली नाहीत, याचे उत्तर ऐकून आपली कदाचित निराशा होईल. पाडून नवे बांधण्याइतका पैसाच गावात उरला नव्हता. वरच्या थरातले सोपे खनिज संपत आले, १८४९ मध्ये सोन्याच्या ओढीने खाणकामगार कॅलिफोर्नियाकडे निघाले, १८५४ मध्ये रेल्वे आली आणि लगेच पुढे मिसिसिपीच्या काठापर्यंत गेल्यामुळे घाऊक व्यापारही तिच्यामागे गेला. त्यातच शिसे वितळवण्याच्या भट्ट्यांसाठी टेकड्यांवरची झाडे तोडली गेली होती, उतार नांगराखाली आले होते, आणि दर पावसाबरोबर माती नदीत उतरत होती. पात्र गाळाने इतके भरले की आगबोट आत येणेच बंद झाले. या उतरणीचा पुरावा रस्त्यावरच उभा आहे. १८५५ मध्ये उघडलेले डिसोटो हाउस हे हॉटेल मुळात पाच मजली होते. लिंकन यांनी १८५६ मध्ये त्याच्या सज्जातून भाषण केले होते. पुढे पाहुणेच येईनासे झाल्यावर १८८०च्या सुमारास मालकांनी वरचे दोन मजले उतरवून टाकले. आज आपल्याला दिसते ते तीन मजल्यांचे हॉटेल. समृद्ध गावात कोणी मजले उतरवत नाही.

त्यानंतर गावाची छळणूक केली ती पुराने. गाळाने उथळ झालेल्या नदीचे पाणी वरचेवर बाजारात शिरे, म्हणून बंधारा घालून मुख्य रस्त्याच्या तोंडाशी मोठे लोखंडी दरवाजे बसवण्यात आले आणि ते काम १९५१ मध्ये पूर्ण झाले. रस्ताच बंद करून टाकणारे ते दरवाजे आपण पाहिले असतीलच. ज्या गावाला परकोट नव्हता त्याला विसाव्या शतकात वेस मिळाली, आणि ती नदीविरुद्ध. विश्वामित्री नदीचे पाणी घरात घेतलेल्या बडोदेकरांना यातली कळ वेगळी सांगायला नको.

आता रचनेकडे वळू. हिमयुगातल्या हिमनद्यांनी हा प्रदेश वगळला, त्यामुळे भोवतालच्या सपाट मुलखात इथे खोल दऱ्या आणि चुनखडीचे कडे राहिले आणि गावाला पायऱ्यापायऱ्यांनी वर चढावे लागले. खाली नदीच्या वळणाप्रमाणे वळणारा बाजाराचा रस्ता, त्याच्या पाठीशी कडा आणि दगडी आधारभिंती, वर चढणारे लांबलचक जिने, आणि माथ्यावर व्यापाऱ्यांची घरे व चर्चची शिखरे. एखाद्या दुकानासमोर उभे राहून खालून वर पाहिले तर त्या काळचा सगळा हिशेब कळतो. तळमजल्यावर ओतीव लोखंडाचे बारीक खांब असतात. वरच्या विटांच्या भिंतीचा भार ते घेत असल्यामुळे खाली रुंद काचा बसवता येतात आणि माल रस्त्यावरून दिसतो. वर उंच, अरुंद खिडक्या आणि त्यांच्यावर विटांच्या किंवा दगडाच्या महिरपी असतात. अगदी वर ब्रॅकेटवर पेललेली पुढे आलेली कंगणी, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरची पट्टी, असते. शेजारच्या दोन दुकानांची भिंत सामाईक असते, आणि म्हणूनच एक पाडायचे म्हटले की दुसऱ्याच्या पोटात गोळा येतो. आपल्या वाड्यांनाही हे दुखणे ओळखीचे आहे.

टेकडीवरच्या घरांत ग्रीक देवळासारखे खांब असलेली घरे जुन्या पिढीची, आणि चौकोनी, सपाटसर छपराची, रुंद वळचणीची इटालियन धाटणीची घरे नंतरची. अमेरिकेतले यादवी युद्ध जिंकून परतलेले सेनापती युलिसिस ग्रँट यांना १८६५ मध्ये गावकऱ्यांनी जे घर भेट दिले, ते १८६० मध्ये बांधलेले घर या दुसऱ्या धाटणीचे आहे. युद्धापूर्वी हेच ग्रँट गलीनात वडिलांच्या चामड्याच्या दुकानात काम करत होते. पर्यटक या घरापाशी गर्दी करतात, पण माझ्या मते गलीनाचे मोल ग्रँट यांच्या घरात नाही. ते त्याच्या खालच्या गल्लीतल्या, ज्यांच्या मालकांची नावे कोणाला ठाऊक नाहीत अशा साध्या विटांच्या घरांत आहे, कारण तीच नसती तर हे घर एकटे संग्रहालय होऊन बसले असते.

१९६९ मध्ये गावाचा फार मोठा भाग ऐतिहासिक परिसर म्हणून अमेरिकेतल्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत दाखल झाला. आज त्यात गावाचा सुमारे ८५ टक्के भाग आणि ८००हून अधिक वास्तू येतात. या नोंदीने बाजार वाचला असे कोणालाही वाटेल, पण तसे नाही. नोंद झाली तेव्हा बाजार शंभर वर्षे पडून राहून आधीच वाचलेला होता. नोंदीनंतर शहरातल्या लोकांना तो दिसला, त्यांनी घरे विकत घेऊन दुरुस्त केली आणि पाहुणे येऊ लागले. त्याची किंमतही गाव मोजते आहे. गावकऱ्याला लागणाऱ्या वस्तूंपेक्षा पाहुण्याला लागणारी मिठाई आणि शोभेच्या वस्तूच त्या दुकानांत जास्त दिसतात.

प्रश्न : इंडियाना आणि आयोवा राज्यांतून गाडीने जाताना प्रत्येक काउंटीच्या गावात मधोमध चौक आणि चौकात घड्याळाचा मनोरा असलेली कचेरी दिसली. सगळीकडे एकच नकाशा कसा? (मांजलपूर येथील वाचक)

उत्तर : जमीनच तशी आखली गेली. १७८५च्या कायद्याने ओहायो नदीपलीकडचा मुलूख सहा मैल बाजूच्या चौरसांत मोजला गेला, त्या प्रत्येकाचे एक चौरस मैलाचे ३६ तुकडे पाडले गेले, आणि गावेही त्याच काटकोनात बसवली गेली. काउंटीचे ठाणे कोणत्या गावात असावे यावरून गावागावांत चुरस असे, कारण कचेरी आली की वकील, खाणावळी आणि बाजार आपोआप येत. मग कचेरी जितकी दिमाखदार तितके ठाणे दुसरीकडे हलवणे अवघड, या विचाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लहान लहान गावांनीही दगडी मनोरे उभारले. चौकाच्या मध्यभागी कचेरी आणि चारी बाजूंनी दुकाने, या रचनेला तिथले भूगोलतज्ज्ञ टेनेसी राज्यातल्या शेल्बीव्हिल गावाचे नाव देतात.

आपला मांडवीचा चौक आणि चार दरवाज्यांकडे जाणारे चार रस्ते आठवणे साहजिक आहे, पण मांडवीपासून सुरू झालेले रस्ते वेशीपाशी संपत आणि तिथले रस्ते क्षितिजापर्यंत सरळ जातात, एवढा फरक आहेच. कचेरीची तुलना करायची तर ती १८९६च्या आपल्या न्यायमंदिराशी करावी. न्यायालये नव्या इमारतीत गेली की जुन्या भव्य वास्तूचे काय करायचे, हा प्रश्न तिथल्या शेकडो काउंट्यांनाही पडलेला आहे. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत. तिथे राज्य सरकारने १९९९ पासून जुन्या कचेऱ्यांच्या दुरुस्तीला अनुदान देण्याची योजना चालवली आहे, आणि तिचा भर कचेरी कचेरी म्हणूनच चालू राहावी यावर आहे.

प्रश्न : माझा मुलगा आणि सूनबाई व्हर्जिनिया राज्यातल्या लुईझा काउंटीत एक जुने शेतघर विकत घेण्याच्या विचारात आहेत. सोबत धान्य-गुरांचे मोठे लाकडी कोठार आहे. घर ग्रीन स्प्रिंग्ज नावाच्या ऐतिहासिक परिसरात येते असे दलाल सांगतो. अशा घराला खिडकीचे तावदान बदलायलाही सरकारची परवानगी लागते का? पैसे अडकवावेत का? (कारेलीबाग येथील वाचक)

उत्तर : तिथे तीन वेगवेगळे कागद असू शकतात आणि त्यांत गल्लत करू नये.

पहिला कागद म्हणजे राष्ट्रीय नोंदवहीतली नोंद. ही नोंदवही १९६६च्या कायद्याने सुरू झाली. तिच्यात सुटी इमारत नोंदवता येते तसा संपूर्ण परिसरही नोंदवता येतो, आणि वास्तू साधारणपणे ५० वर्षांची झाली की ती विचारात घेतली जाते. परिसराची नोंद करताना त्यातली प्रत्येक इमारत तपासून तिने परिसराच्या इतिहासात भर घातली आहे की नाही हे लिहिले जाते. खाजगी मालकांपैकी निम्म्याहून अधिकांनी रीतसर हरकत घेतली तर नोंद होत नाही. पण एकदा नोंद झाल्यावरही, मालक स्वतःच्या पैशाने काम करत असेल आणि केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना त्यात गुंतलेला नसेल, तर केवळ नोंदीमुळे त्याच्यावर कोणतेही बंधन येत नाही. कायद्याच्या दृष्टीने तो घर पाडूही शकतो. नोंदीचा लाभ म्हणजे उत्पन्न देणाऱ्या जुन्या इमारतीच्या मान्यताप्राप्त दुरुस्तीवर खर्चाच्या २० टक्के केंद्रीय करसवलत. स्वतः राहण्याच्या घराला ती मिळत नाही. चिरंजीव शेतघरात पाहुण्यांसाठी खोल्या भाड्याने देणार असतील तर मात्र हिशेब बदलतो.

दुसरा कागद म्हणजे गावाचा किंवा काउंटीचा स्वतःचा नियम. याची सुरुवात १९३१ मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्स्टन शहरापासून झाली. असा नियम असेल तर रस्त्यावरून दिसणाऱ्या भागात बदल करण्यापूर्वी स्थानिक समितीची संमती घ्यावी लागते. खिडकीचे तावदान हा प्रश्न येतो तो इथे. लाकडी चौकटीच्या, वर सरकणाऱ्या जुन्या खिडक्या काढून प्लॅस्टिकच्या बसवायला अशा समित्या सहसा राजी नसतात. घराच्या आत काय करावे यात त्या बहुधा पडत नाहीत.

ग्रीन स्प्रिंग्जच्या बाबतीत तिसरा कागद सर्वांत महत्त्वाचा. हा सुमारे १४ हजार एकरांचा, शेते, कुरणे आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली घरे मिळून बनलेला परिसर आहे. १९७०च्या सुमारास राज्य सरकारने तिथे तुरुंग बांधायचे ठरवले तेव्हा रहिवासी विरोधात उभे राहिले. १९७४ मध्ये परिसराला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला, आणि त्याच्याही पलीकडे जाऊन अनेक जमीनमालकांनी आपल्या जमिनीवर कायमचे बंधनपत्र लिहून दिले. बांधकामाचा काही हक्क त्यांनी स्वतःहून सोडला आणि त्यावर देखरेख ठेवण्याचा अधिकार केंद्र सरकारच्या राष्ट्रीय उद्यान सेवेकडे दिला. असे बंधनपत्र जमिनीबरोबर चालते. जमीन विकली तरी ते नव्या मालकावर लागू राहते. म्हणून चिरंजीवांनी दलालाच्या बोलण्यावर न जाता वकिलाकडून दस्त तपासून घ्यावेत. त्या जमिनीवर बंधनपत्र आहे का, आणि असल्यास नवे घर, रस्ता, कुंपण किंवा जमिनीचे तुकडे पाडणे यांविषयी त्यात काय लिहिले आहे, हे कळल्याशिवाय बयाणा देऊ नये. बंधनपत्र असलेली जमीन स्वस्त पडू शकते, आणि ज्याला तिथे शेतीच करायची आहे त्याचे त्यात काही बिघडत नाही.

कोठाराबद्दल एक सूचना. अशी कोठारे जाड लाकडांच्या सांगाड्यावर, खाचा आणि लाकडी खुंट्यांच्या जोडणीने उभी असतात, आणि ती बहुधा दोनच ठिकाणी कुजतात : छप्पर गळते तिथे, आणि जमिनीलगतच्या आडव्या तुळईत. खरेदीपूर्वी पाहणी करणाऱ्याला त्या तुळईत टोकदार हत्यार खुपसून पाहायला सांगावे. बाहेरून फळ्या विटलेल्या दिसल्या तर घाबरू नये.

प्रश्न : रावपुऱ्यात तांबेकर वाड्याजवळ आमचा शंभर वर्षांहून जुना वाडा आहे. तिघा भावांची वाटणी व्हायची आहे. धाकट्याला तो बिल्डरला द्यायचा आहे, मला ठेवायचा आहे. परदेशात करतात तसा आमचा सगळा परिसर ऐतिहासिक म्हणून जाहीर झाला तर वाडा वाचेल, की आमच्या डोक्यावर आणखी एक परवानगी येऊन बसेल?

उत्तर : परिसर जाहीर होण्याची वाट पाहण्यापूर्वी आपण टेप घेऊन अंतर मोजावे. तांबेकर वाडा त्यातल्या भित्तिचित्रांमुळे केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहे. १९५८च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. तेथे पाडून पुन्हा बांधायलाही मुभा नाही. १६ जून १९९२ पूर्वीच्या घरांची दुरुस्ती आणि नूतनीकरण तेवढे परवानगीने करता येते. त्यापुढच्या २०० मीटरांत नवे बांधकाम आणि पुनर्बांधणी परवानगीने होऊ शकते. अंतर वाड्याच्या भिंतीपासून नव्हे, संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या हद्दीपासून धरतात. आपला वाडा पहिल्या १०० मीटरांत येत असेल तर धाकट्या भावाला बिल्डरने दाखवलेले बहुमजली चित्र कायद्याने उभेच राहू शकत नाही, आणि वाटणीचा हिशेब त्या चित्राच्या भावाने करणे तिघांच्याही तोट्याचे आहे.

या कायद्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो एका स्मारकाकडे पाहतो आणि तिथून फुटपट्टी लावतो. किमान १०० वर्षे जुने आणि राष्ट्रीय महत्त्वाचे ते त्याच्या नजरेत भरते. सागवानी खांबांची, ओट्याची, चौकाची जी साधी घरे मिळून रावपुरा आणि दांडिया बाजार बनले, त्यांची नोंद तो ठेवत नाही. ३०१व्या मीटरवरचा तितकाच जुना वाडा त्याच्या दृष्टीने नुसते घर असते. संपूर्ण आळीला एकत्र पाहण्याची पद्धत आपल्या देशात नाही असे मात्र नाही. मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली करून इमारतींना श्रेण्या दिल्या आणि परिसरही नोंदवले. अहमदाबादचे जुने शहर पोळांसह (तिथल्या जुन्या बंदिस्त आळ्यांसह) २०१७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, आणि तिथे जुन्या घराच्या मालकाला न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकता यावा अशी सोय करण्यात आली आहे.

आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर : परवानगी एक वाढेल, हे खरे. पण परवानगीबरोबर पैसा आला नाही तर वाडा परवानगीने पडत नाही, तो पावसाने पडतो. परिसराच्या नियमाची मागणी करायची तर ती विकता येणाऱ्या हक्कासह किंवा करातल्या सवलतीसह करावी. नुसत्या पाटीची मागणी करून काही साधणार नाही. आणि ती एकट्याने न करता आळीतल्या सगळ्या घरमालकांनी मिळून करावी. त्यासाठी प्रत्येक घराचा दर्शनी फोटो, मजले, खण, खांबांचे लाकूड आणि नंतर झालेले बदल यांची एक साधी वही तयार करावी. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना असे काम हवेच असते. नव्याने बांधलेली घरेही वहीतून गाळू नयेत. कोणत्या घराने आळीच्या रूपात भर घातली आणि कोणत्याने नाही, हे त्यामुळेच स्पष्ट होते.

दरम्यान या पावसाळ्यापूर्वी कौले आणि पन्हळी नीट करून घ्याव्यात, कारण तुळईचे टोक भिंतीत जिथे शिरते तिथे पाणी मुरले की सागही टिकत नाही. भिंतींच्या दरजा सिमेंटने भरू देऊ नयेत. जुनी वीट मऊ असते आणि भिंतीतला ओलावा चुन्याच्या दरजेतून बाहेर पडतो. दरज सिमेंटची झाली की तोच ओलावा विटेतून बाहेर पडू लागतो आणि दोन-चार वर्षांत विटेचे तोंड पापुद्र्यांनी गळू लागते. गलीनाच्या बाजारातल्या दुरुस्त्यांनाही हाच नियम लागू आहे. चुना मळणारा गवंडी शोधून त्याच्याकडून आधी मागच्या अंगणातल्या एका भिंतीवर हातभर काम करून घ्यावे, ते वाळेपर्यंत थांबावे, आणि मग दर्शनी भिंतीला हात लावावा. वाडा १०० मीटरांच्या आत असल्यास दुरुस्तीचा अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे आधी द्यावा, आणि अर्जासोबत घर १९९२ पूर्वीचे असल्याचा पुरावा म्हणून सिटी सर्व्हेचा उतारा आणि जुन्या घरपट्टीच्या पावत्या जोडाव्यात.